पन्नास मीटर मारणारी एअर रायफल

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. शाळेच्या शिबिरात एअर रायफल हातात घेतली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. स्वप्नील कुसाळेंचं पदक पाहिल्यावर तर ‘मलाही ५० मीटरच खेळायचंय’ असा हट्टच धरलाय. इथल्या एका दुकानदारानं दणदणीत स्प्रिंगची, दुर्बीण लावलेली एअर रायफल दाखवली. ‘५० मीटर आरामात मारते, पुढं कामाला येईल’ म्हणाला. घ्यावी का?
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर : घेऊ नका. ती रायफल ५० मीटर मारेलही, पण तिच्यावर तुमच्या लेकीला ऑलिंपिकच्या वाटेवरची एकही स्पर्धा खेळता येणार नाही.

कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला विश्वविजेत्या झाल्या, त्याही ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे फक्त पालथं झोपून. या दोन्ही स्पर्धा पॉइंट टू-टूच्या, म्हणजे .२२ इंची काडतुसाच्या, रायफलीवर होतात. तिला काडतूस लागतं, दारू लागते आणि परवाना लागतो. एअर रायफलची ऑलिंपिक स्पर्धा १० मीटरवरच असते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये कैरोला जागतिक सुवर्ण जिंकलं ते याच १० मीटरवर. मुलीला ५० मीटरचं वेड असेल तर उत्तमच, पण त्याचा पाया १० मीटरवर घातला जातो.

हवेवर ५० मीटरपर्यंत खेळायचा ‘फील्ड टार्गेट’ नावाचा प्रकार इंग्लंडात सुरू झाला. त्यात दुर्बीण चालते, वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो, मजा येते. पण शाळा, जिल्हा, राज्य अशी जी शिडी तुमच्या मुलीसमोर आहे, तिच्यावर तो नाही.

आता ताकदीचं. स्पर्धेच्या १० मीटर रायफलीची ताकद जेमतेम आठ ज्यूल. छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास जातो. हीच रायफल ५० मीटरवर रोखली तर छर्रा निदान अर्धा मीटर खाली येईल. मग एवढी मवाळ का बनवतात? कारण १० मीटरला जास्त लागतच नाही, आणि धक्का जितका कमी तितकी रायफल नेमावर स्थिर. लक्ष्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलं की दहा गेले! जाड स्प्रिंग सुटताना पुढंमागं हिसका देते, छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच. त्या हिसक्यावर मूल ट्रिगर ओढायला शिकलं की ती सवय मोडताना आम्हा प्रशिक्षकांचा जीव जातो.

मग घ्यायचं काय? आधी काहीच नाही. नेमबाजीच्या रेंजवर नाव घाला आणि क्लबची रायफल वापरा. पैसे सुटत असतील तर पहिलं नेमबाजीचं जॅकेट घ्या, अंगावर मापून. तेही वाढत्या वयाचं म्हणून दोन माप मोठं नको, कारण सैल जॅकेट पाठीला आधारच देत नाही. हे सांगितलं की पालकांचे चेहरे पडतात. रायफल मिरवता येते, जॅकेट येत नाही.

सहा-आठ महिन्यांनी ओढ टिकली, तर कॉम्प्रेस्ड हवेवर चालणारी, ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याची, पीप साइटची (डोळ्याजवळच्या बारीक भोकातून नेम धरायची) रायफल बघा. वाल्थर, फाइनवर्कबाउ, आन्शुट्झ यांतलं कुठलंही नाव चालेल. या तिघांत कुठली सरस, यावर रेंजवर तासन्‌तास वाद झडतात. शिकाऊ मुलीला त्या फरकाशी काही देणंघेणं नाही. तिला बसली पाहिजे एवढंच. नियमात वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे म्हणून तेवढं वजन उचलायलाच हवं असं नाही. लहान चणीच्या मुलांसाठी हलकी ज्युनिअर मॉडेल मिळतात.

बसते की नाही हे दुकानातच कळतं. तिला पवित्र्यात उभं करा, रायफल खांद्याला लावून गाल टेकवू द्या आणि डोळे मिटायला सांगा. दोन-तीन श्वास झाले की डोळे उघडायचे. पीपच्या भोकातून पुढची रिंग मधोमध दिसली तर ठीक. ती मान ताणू लागली, गाल उचलू लागली, तर चीकपीस, म्हणजे गाल टेकायचा भाग, वर-खाली करून पुन्हा बघा. बट, म्हणजे खांद्याला लागणारा मागचा भाग, सर्वांत आखूड करूनही तिचं बोट ट्रिगरवर नीट पोचत नसेल, तर स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.

जुनी घेत असाल तर तिच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. तो साधारण दहा वर्षांचा असतो. मुदत उलटली की स्पर्धेत चालत नाही. नवा सिलिंडर महाग पडतो, तेव्हा तेवढी रक्कम किमतीतून कापून घ्या. आणि एक गोष्ट जरा दटावूनच सांगते. सिलिंडरवर लिहिलेल्या दाबाच्या, बहुतेक वेळा २०० बारच्या, वर भरायचं नाही. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन तर चुकूनही भरायचा नाही. आतल्या तेला-ग्रीसशी गाठ पडली तर स्फोट होतो.

प्रश्न : घराच्या गच्चीवर १० मीटर जागा नाही, सहाच आहे. सराव कसा करू? छर्रे कुठले?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : गच्चीवर छर्रे उडवूच नकोस, शेजारी माणसं राहतात. घरात ड्राय फायर कर, म्हणजे छर्रा न भरता नेम धरून ट्रिगर ओढायचा. लक्ष्याचं चित्र त्याच प्रमाणात लहान करून सहा मीटरवर भिंतीला चिकटव, म्हणजे डोळ्याला तेवढंच दिसेल. मात्र तुझी स्प्रिंगची रायफल असेल तर ती रिकामी उडवू नकोस, आतला पिस्टन नुसताच आदळून सील खराब होतं. मॅच रायफलीला ड्राय फायरची वेगळी सोय असते.

छर्रे चपट्या तोंडाचे घे, ते कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात. डोक्याचं माप डब्यावर असतं, ४.४९ किंवा ४.५०. तुझ्या नळीला कुठलं मानवतं ते रायफल शिकंजात धरून, पाच-पाच छर्ऱ्यांचे ग्रुप मारून बघ; ज्याची भोकं सर्वांत जवळजवळ पडतात तो तुझा. मित्राला जमलेला डबा तुला जमेलच असं नाही. जमला की मात्र त्याच बॅच नंबरचे चार-पाच डबे एकदम उचल.