कॉलेजात एकांकिका केल्या, आता नाटकातच करिअर करायचंय. पोट भरतं का?

पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक (पुण्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धा) झाल्या, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालूये आणि आता प्लेसमेंटला न बसता फुलटाइम नाटक करू का, असं विचारलंयस (लहान आहेस म्हणून अरेतुरे करतेय हं). पोट भरतं रे, पण करंडकावर नाही भरत. मी लाइट्स करते, आधी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांचं ऑपरेटिंग केलं, आता डिझाइनही करते, त्यामुळे विंगेतून जे दिसतं तेच सांगते.

प्रायोगिक नाटकांमध्ये प्रवासखर्च आणि वडापाव निघाला तरी पुष्कळ. व्यावसायिक नाटकांमध्ये पैसे नाइटवर (नाइट म्हणजे एका प्रयोगाचं मानधन), प्रयोग लागला तर नाइट, नाही लागला तर काही नाही, आणि तालमीचे दिवस बहुतेक ठिकाणी फुकटच धरून चाल. त्यामुळे नाइटचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नकोस, महिन्याला प्रयोग किती लागणार ते आधी विचार. समज ३,००० ची नाइट आहे पण महिन्यात ४च प्रयोग, झाले १२,०००. त्यापेक्षा १,५०० वाली आणि १२ प्रयोग परवडली, १८,००० तरी हातात येतात. बरं प्रयोग लागणं पण कोणाच्या हातात नसतं, शिवाजी मंदिर, गडकरी, बालगंधर्व या नाट्यगृहांच्या शनिवार-रविवारच्या तारखांवर सगळ्यांचाच डोळा, परीक्षांच्या दिवसांत बुकिंग थंड, मे महिन्यात जरा बरं.

म्हणून माझं स्पष्ट मत, अ‍ॅक्टिंग करायचीच असेल तर कर, पण बॅकस्टेजचं एक काम पक्कं शीक. लाइट, म्युझिक, सेट, काहीही. ऑपरेटरला दुपारी ठाणं आणि रात्री दादर असे एकाच रविवारी दोन वेगळ्या नाटकांचे प्रयोग मिळू शकतात. आणि हे काम नुसतं बटण दाबायचं नाहीये. नटाने एक वाक्य खाल्लं की पुढचा क्यू (लाइट बदलायची ठरलेली जागा) तिथल्या तिथे आधी घ्यावा लागतो, नाहीतर तो अंधारात उभा राहून बोलत बसतो. दौऱ्यावर तर तिथल्या नाट्यगृहातले किती डिमर (लाइट कमी-जास्त करायची यंत्रं) चालू आहेत हे पोचल्यावरच कळतं, मग अख्खं डिझाइन अर्ध्या लाइट्समध्ये बसवायचं, तेही प्रेक्षक बाहेर रांगेत असताना. हे ज्याला जमतं त्याचा फोन वाजत राहतो. शिवाय बॅकस्टेजच्या पोराला अख्खं नाटक पाठ असतं, ऐनवेळी नट आजारी पडला की रिप्लेसमेंट म्हणून पहिलं नाव त्याचंच निघतं. असे कितीतरी जण आज स्टेजवर आहेत.

शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, दिल्लीचं एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे (३ वर्षांचा कोर्स, स्कॉलरशिप मिळते, पण पदवी लागते, म्हणून इंजिनिअरिंग अर्धवट सोडू नकोस). डिग्री बघून इथे कोणी काम देत नाही, तिथे जी माणसं भेटतात ती पुढे उपयोगी पडतात.

सीरियलचं गणित वेगळं. पर डे, म्हणजे शूटिंगच्या एका दिवसाचा मोबदला, नाटकापेक्षा चांगला असतो पण पैसे साधारण ९० दिवसांनी येतात, म्हणजे आज शूटिंग सुरू झालं तरी पुढच्या तीन महिन्यांचं भाडं आधीच खिशात हवं. काम कुठलंही असो, नाइट किती, पैसे कधी, दौऱ्याचा भत्ता वेगळा का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घे. लोक वाईट असतात असं नाही, पण नाटक पडलं की सगळ्यांची स्मरणशक्ती पण पडते. आणि ऑडिशनसाठी पैसे मागणारा भेटला तर नमस्कार करून निघ.

प्लेसमेंटचं म्हणशील तर मी म्हणेन, प्लेसमेंटला बस. शनिवार-रविवार सुट्टीवाली नोकरी बघ, प्रयोग बरेचसे तेव्हाच असतात आणि आयटीत राहून वर्षानुवर्षं नाटक करणारे पुण्यात ढिगाने आहेत. तालमी संध्याकाळी होतात, नागपूर किंवा गोव्याचा दौरा असला की रजा टाकायची. हे फक्त सीरियलसोबत जमत नाही, बारा तासांची शिफ्ट, त्यात ठाण्याच्या घोडबंदरला सेट असला तर जाण्यायेण्यातच जीव जातो. तो प्रश्न आला की राजीनाम्याचं बघ, तोवर घाई नको.