पोषण शिकवणाऱ्या बाईनं पोट कापून घ्यावं का?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचं नाव निघालं की धोका किती, खर्च किती हे सगळेच विचारतात. दार लोटून घेतल्यावर मात्र बहुतेकांच्या तोंडून वेगळंच निघतं: ही पळवाट तर नाही ना? जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घ्यायचं का?

खानापूर तालुक्यातल्या एका अंगणवाडीच्या बाईंनी हे नेमकं मांडलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) उंची १५५ सेंटिमीटर, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४३. मधुमेह, गुडघेदुखी, शिवाय रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. बेळगावच्या सर्जननी स्लीव्ह ही जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आणि आधी मनाच्या तपासणीसाठी माझ्याकडे धाडलं.

"मॅडम, मी पोरांची वजनं करते, गरोदर बायकांना काय खायचं ते सांगते. आता मीच पोट कापून आले तर लोक काय म्हणतील ओ?"

सोबत एक वही होती. रात्रीचा भात बंद, सोमवार-गुरुवार उपवास, जिऱ्याचं पाणी, कुठलीशी पावडर. दोनदा दहा-बारा किलो उतरले होते आणि दोन्ही खेपेला व्याजासकट परत आले होते. त्यांच्या लेखी ती वही म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा. मला त्यात उलट दिसलं. इतकी वर्षं नेटानं वही भरणारी बाई ढिली कशी? वजन उतरलं की शरीर काटकसर करू लागतं आणि भूक वाढवतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून खाणं कमी होतं तसं भूकही निवते.

धीर आहे का, हे मी तपासत नाही. मन बिघडलं की हात कुठे जातो, ते बघते. यांचा हात सगळे झोपल्यावर चिवड्याच्या डब्यात जायचा. तारीख घेण्याआधी त्यावर काम केलं, कारण जठर लहान झालं तरी डबा फडताळात असतोच.

पुढच्या खेपेला सासूबाई आल्या. "अन्नच सुटलं तर माणूस जगंल कसं?" सुरुवातीला पातळ, मग कुस्करलेलं, पुढे आमटीत भिजवलेली भाकरी, असं हळूहळू जेवण येतं, हे सांगितलं. प्रथिनं मोजून घ्यायची, बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या मात्र जन्मभर. टाक्यांतून गळती, रक्तस्राव हे धोके कमी असले तरी खरे आहेत. अनुभवी हातांत जिवाचा धोका पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या आसपास असतो. सासूबाईंचं पित्ताशय आधीच काढलेलं, त्यामुळे हे त्यांना माझ्याआधी कळलं! खर्चाचं म्हणाल तर विमा नियामकाच्या २०१९च्या अटींत बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, असं होतं. आपल्या पॉलिसीत काय लिहिलंय ते आधी वाचावं.

शस्त्रक्रिया झाली. चौथ्या महिन्यात केस गळू लागले तेव्हा घाबरून फोन आला. असं बऱ्याच जणांना होतं आणि बहुधा थांबतं. खरी कसोटी लागली ती लग्नसराईत. ताटात मांड्यासारखं पक्वान्न आणि डोक्यावर वाढणाऱ्यांचा आग्रह. आपल्याकडे 'नको' हा शब्द वाढपी ऐकतच नाहीत. म्हणून "मी मागून घेते, वैनी" हे वाक्य आम्ही घोकून ठेवलं होतं. लोकांना मात्र त्या एवढंच सांगत, "पोटाचं ऑपरेशन झालंय." खोटं नाही, आणि सगळ्यांना सगळं सांगायला आपण बांधील नसतो.

वर्षानं वजन ७८ होतं, मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या होत्या. दिवाळीनंतर दोन किलो वाढले. चिवडा पुन्हा सुरू झालाय, हे त्यांनी आपणहून सांगितलं. पुढच्या आठवड्यात येणार आहेत, वही घेऊन.