४८ गुणांचा संघ, आणि पाच वर्षांनी स्टॅन्ली कप

तुमचा प्रश्न असा आहे: सॅन होजे शार्क्स २०२३-२४ आणि २०२४-२५ असे सलग दोन हंगाम एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये शेवटचे आले. २०२३-२४ मध्ये तर ८२ सामन्यांत अवघे ४७ गुण. असा आइस हॉकी संघ दोन-चार वर्षांत विजेतेपदाचा दावेदार होऊ शकतो का? आणि त्यासाठी आणखी हरून ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरचा क्रमांक मिळवत राहणं हाच मार्ग आहे का?

होऊ शकतो. मी तो होताना पाहिला आहे. पण हरत राहणं हा मार्ग नाही, हेही तितक्याच खात्रीने सांगतो.

मी डेन्व्हरला राहतो. २०१६-१७ चा हंगाम मी आणि माझ्या मुलाने अगदी वरच्या रांगांतल्या स्वस्त तिकिटांवर पाहिला. इथल्या कोलोराडो ॲव्हलांचने त्या वर्षी २२ सामने जिंकले आणि ४८ गुण मिळवले. जिंकलं की दोन गुण, जादा वेळेत हरलं की एक. प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची सात-सात सामन्यांच्या मालिकांची बाद फेरी, गाठायला साधारण ९५ लागतात. २००५ मध्ये सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) आल्यापासून पूर्ण ८२ सामन्यांच्या हंगामात इतके कमी गुण तोवर कोणाचेच नव्हते. हंगामाच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये, कोच पॅट्रिक रॉय राजीनामा देऊन गेले होते. त्यांच्या जागी जॅरेड बेडनार आले. एनएचएलमध्ये मुख्य कोच म्हणून त्यांचं ते पहिलंच वर्ष. तीनपैकी दुसऱ्या पिरियडनंतर लोक उठून निघायला लागले की नऊ वर्षांचा माझा मुलगा विचारायचा, "बाबा, आपण पण जायचं का?" आम्ही शेवटपर्यंत थांबायचो.

याच संघाने पुढच्या हंगामात ९५ गुण मिळवले, आणि २०२२ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला.

आधी ड्राफ्टबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचा रोख तिकडेच आहे. शेवटचे आलो म्हणजे पहिला क्रमांक आपलाच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण तो क्रमांक लॉटरीने ठरतो. शेवटच्या संघाला संधी जास्त असते, हमी नसते. २९ एप्रिल २०१७ ला लॉटरी निघाली आणि ॲव्हलांच चौथ्या क्रमांकावर गेले. त्या वेळच्या नियमांनुसार त्याहून खाली घसरणं शक्यच नव्हतं. एवढा हंगाम सोसल्याचा जो एकमेव मोबदला मिळायचा, तोही हातून गेला असं वाटलं. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

चौथ्या क्रमांकावर त्यांनी केल मकार हा बचावपटू घेतला. तो अल्बर्टामधल्या ब्रुक्स या छोट्या गावाच्या संघाकडून खेळत होता. त्याला लगेच एनएचएलमध्ये ओढलं नाही, दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळू दिलं. एप्रिल २०१९ मध्ये कॉलेजचा अंतिम सामना झाला, आणि दोनच दिवसांनी तो कॅलगरीविरुद्ध प्लेऑफमध्ये उतरला. पहिल्याच सामन्यात गोल. २०२२ मध्ये लीगमधला सर्वोत्तम बचावपटू तो होता आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडूही तोच. लॉटरी जिंकून न्यू जर्सीने पहिला घेतलेला निको हिशियर उत्तम खेळाडू आहे, त्यांचा कॅप्टन आहे. तरी तो ड्राफ्ट आज पुन्हा झाला तर पहिलं नाव मकारचंच निघेल.

आता ज्या गोष्टीने खरा फरक पडला तिच्याकडे येतो. जनरल मॅनेजर जो सॅकिक यांनी त्या भीषण हंगामानंतर घर पाडलं नाही. नेथन मॅकिनन (२०१३ चा पहिला क्रमांक), कॅप्टन गॅब्रिएल लँडेस्कॉग (२०११ चा दुसरा) आणि मिको रँटानेन (२०१५ चा दहावा) हे तिघे संघात आधीपासून होते, तिघेही पंचविशीच्या आतले. लँडेस्कॉगला विकणार अशा बातम्या त्या हिवाळ्यात सतत यायच्या. मॅकिननचे त्या वर्षी फक्त १६ गोल होते, आणि त्याच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवली गेली असं म्हणणारेही होते. सॅकिकनी तिघांना ठेवलं. बेडनारना ठेवलं. ४८ गुणांवर कोचची नोकरी टिकते असं फारसं घडत नाही. पुढच्या हंगामात मॅकिननने ३९ गोल केले आणि ९७ गुण मिळवले (खेळाडूला गोलचा एक गुण, गोलसाठी दिलेल्या पासचा एक).

विकलं ते एकालाच. मॅट ड्युशेनला डेन्व्हर सोडायचं होतं हे उघड गुपित होतं. अशा वेळी मॅनेजरवर फार दबाव येतो. मिळेल ते घ्या, प्रकरण मिटवा, असं वर्तमानपत्रंही लिहितात, चाहतेही म्हणतात. मीही म्हणत होतो, आणि माझं चुकलं होतं. सॅकिक जवळपास वर्षभर अडून बसले. मग ५ नोव्हेंबर २०१७ ला ब्रुकलिनमध्ये आयलंडर्सविरुद्धचा सामना चालू असतानाच ड्युशेनला बर्फावरून आत बोलावलं गेलं. तीन संघांचा ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, झाला होता. ड्युशेन ओटावाला गेला. कोलोराडोला सॅम्युएल जिरार्ड हा तरुण बचावपटू, आणखी काही खेळाडू आणि ओटावाचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट, म्हणजे त्यांच्या जागी खेळाडू निवडण्याचा हक्क, मिळाला. २०१८ चा ड्राफ्ट ओटावाने अटीप्रमाणे स्वतःकडे ठेवला, म्हणून २०१९ चा द्यावा लागला. त्या वर्षी ओटावा लीगमध्ये शेवटचे आले! तो ड्राफ्ट चौथ्या क्रमांकाचा निघाला आणि त्यावर बोवेन बायरम आला. म्हणजे २०१९ मध्ये ॲव्हलांच स्वतः प्लेऑफ खेळत होते आणि तरीही तळाच्या संघाचा ड्राफ्ट त्यांच्या हातात होता. जिरार्ड आणि बायरम दोघेही कप जिंकणाऱ्या संघात होते.

तिसरी गोष्ट पैशाची. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते, तशी इथे सॅलरी कॅप. फरक असा की इथे लिलाव नाही, आणि करार कधी सात-सात वर्षांचेही असतात. म्हणून एखादा मोठा खेळाडू स्वस्त करारात अडकलेला असेल, तर तीच तुमची सोन्याची वर्षं. मॅकिननने २०१६ मध्ये सात वर्षांसाठी वर्षाला ६३ लाख डॉलरचा करार केला होता. कप जिंकला तेव्हा कॅप ८ कोटी १५ लाखांची होती आणि लीगमधला जवळपास सर्वोत्तम खेळाडू त्यातले फक्त ६३ लाख घेत होता. पुढचा करार झाला १ कोटी २६ लाखांचा, बरोबर दुप्पट. तो वाचलेला पैसा सॅकिकनी वापरला अडचणीत सापडलेल्या संघांकडून माणसं उचलायला. नझेम काद्री टोरंटोत लागोपाठ दोन प्लेऑफमध्ये निलंबित झाला होता, त्यामुळे तिथे त्याच्यावरचा विश्वास उडालेला. व्हॅलेरी निचुश्किनचा करार डॅलसने पैसे देऊन संपवला होता, कारण आधीच्या हंगामात ५७ सामन्यांत त्याचा एकही गोल नव्हता. डेव्हन टेव्जला ठेवायला आयलंडर्सच्या कॅपमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून तो दुसऱ्या फेरीच्या दोन ड्राफ्टवर मिळाला. मकारच्या जोडीला खेळणारा बचावपटू या किमतीला मिळणं हा मला त्या दशकातला सर्वांत चांगला सौदा वाटतो. २०२२ मध्ये काद्रीने ८७ गुण मिळवले आणि निचुश्किनने प्लेऑफमध्ये ९ गोल केले. मार्चमध्ये मॉन्ट्रियलकडून घेतलेल्या आर्तुरी लेकोनेनने अंतिम फेरीत कप जिंकून देणारा गोल मारला.

फ्लोरिडा पँथर्सचंही असंच आहे. बार्कोव्ह आणि एकब्लाड हे वरच्या ड्राफ्टचे दोघे त्यांच्याकडे बरीच वर्षं होते, पण कप नव्हता. २०२० मध्ये जनरल मॅनेजर म्हणून बिल झिटो आले. त्यांनी टँपाने सोडून दिलेला वेऱ्हेगी घेतला, कॅरोलायनाने वेव्हर्सवर टाकलेला, म्हणजे कोणीही फुकट उचलावा असा सोडलेला, फोर्सलिंग घेतला, आणि २०२२ मध्ये आपला ११५ गुणांचा ह्यूबरडो देऊन कॅलगरीचा मॅथ्यू कचक आणला. २०२४ आणि २०२५, सलग दोन कप.

आणि हरत राहिल्याने काय होतं? बफेलो सेबर्स पाहा. २०१३-१४ आणि २०१४-१५, दोन्ही वर्षं ते शेवटचे आले. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनाच हवा असलेला तरुण खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड ड्राफ्टमध्ये येणार होता. मार्च २०१५ मध्ये ॲरिझोनाने बफेलोत येऊन जादा वेळेत विजयी गोल मारला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी जल्लोष केला. त्या खेळाडूंचा विचार करून मला आजही वाईट वाटतं. दोन्ही लॉटऱ्या ते हरले आणि मॅकडेव्हिड एडमंटनला गेला. तरी बफेलोकडे गुणवत्ता कमी नव्हती. रायन ओरायली, जॅक आयकल, सॅम राइनहार्ट असे तिघे होते. तिघेही निघून गेले, आणि तिघांनीही दुसरीकडे कप जिंकला: ओरायलीने २०१९ मध्ये सेंट लुईसकडून, आयकलने २०२३ मध्ये व्हेगासकडून, राइनहार्टने २०२४ मध्ये फ्लोरिडाकडून. अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यातला निर्णायक गोल राइनहार्टचाच. बफेलो मात्र २०११ नंतर सलग चौदा हंगाम प्लेऑफबाहेर राहिले. रोज हरण्याची सवय लागलेल्या ड्रेसिंग रूममध्ये विशीतली मुलं घडत नाहीत, असं मला यावरून वाटतं.

तर तुमचे शार्क्स. मॅक्लिन सेलेब्रिनी हा २०२४ चा पहिला क्रमांक तुमच्याकडे आहे, आणि पहिल्याच वर्षी ७० सामन्यांत ६३ गुण म्हणजे तो खरा आहे. तरुण विल स्मिथ आहे, २०२५ च्या ड्राफ्टमधून मायकेल मिसा आला. ड्राफ्टमधून मिळण्यासारखं बरंच मिळालं, आणखी एकदा तळाला जाऊन त्यात मोठी भर पडणार नाही. सेलेब्रिनीचा पहिला करार २०२६-२७ च्या हंगामानंतर संपतो, म्हणजे घड्याळ आत्ताच चालू झालं आहे. माझी काळजी दोन गोष्टींची. पक (हॉकीची चकती) घेऊन स्वतः पुढे जाणारे बचावपटू तुम्हाला लागतील, आणि ते सहजी कोणी विकत नाही. दुसरं, सॅकिकना मिळालं ते मार्केट आता नाही. महामारीमुळे कॅप तीन हंगाम ८ कोटी १५ लाखांवर थांबली होती, त्यामुळे संघ अडचणीत येऊन चांगली माणसं सोडत होते. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख झाली, आणि त्यापुढेही वाढ ठरलेली आहे. अडलेला विक्रेता शोधावा लागेल.

आणि "लवकर" या शब्दाबद्दल. ९५ गुण एका वर्षात आले, पण त्यानंतर २०१९, २०२० आणि २०२१ अशी तीन वर्षं ॲव्हलांच दुसऱ्याच फेरीत बाहेर पडले, त्यातली दोनदा सातव्या सामन्यात. २०२१ मध्ये तर साखळीत अव्वल राहूनही. तेव्हाही सगळं मोडा म्हणणारे होतेच.

२६ जून २०२२ ला टँपामध्ये २-१ ने जिंकल्यावर कप लँडेस्कॉगच्या हातात आला. मी आणि माझा मुलगा, आता माझ्याइतका उंच झालेला, टीव्हीसमोर उभे होतो. ४८ गुणांच्या त्या हंगामातले पाचच जण या संघात उरले होते: मॅकिनन, लँडेस्कॉग, रँटानेन, कम्फर आणि एरिक जॉन्सन. कॅप्टन पहिला कप कोणाच्या हातात देतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. लँडेस्कॉगने तो जॉन्सनला दिला. अकरा वर्षं डेन्व्हरमध्ये खेळलेला, त्या वाईट हंगामात दुखापतीने जवळपास अर्धे सामने बाहेर बसलेला जॉन्सन. मुलाने माझा हात घट्ट धरला होता.