दारयवहूने खरंच तोतयाला मारून गादी घेतली का?

तुम्ही विचारलंय की दारयवहूने (प्राचीन पर्शियाचा, म्हणजे इराणचा राजा, इंग्रजीत डरायस) मारला तो तोतया होता की आधीचा राजा कुरुष (सायरस) याचा खरा मुलगा बर्दिया. माझं मत स्पष्ट आहे, तो खरा बर्दियाच होता, आणि माझा संशय दारयवहूनेच इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून घेतलेल्या शिलालेखामुळे पक्का झाला.

त्याचं म्हणणं असं, की कुरुषनंतर राजा झालेल्या त्याच्या मुलाने, कंबुजियाने, इजिप्तवर जायच्या आधीच सख्ख्या भावाला, बर्दियाला, गुपचूप मारलं, कोणाला पत्ता नाही, मग इ.स.पू. 522 च्या मार्चमध्ये गौमात नावाचा मगी पुरोहित 'मीच बर्दिया' म्हणत उठला, कंबुजिया परत येताना वाटेत मेला आणि सप्टेंबरमध्ये दारयवहूने सहा साथीदार घेऊन गौमाताला मीडिया नावाच्या प्रांतातल्या एका गढीत मारलं. आता ग्रीक इतिहासकार हेरोडोटस म्हणतो की बर्दियाचा खून कंबुजिया इजिप्तमध्ये असताना झाला. म्हणजे खून कधी झाला यावरच दोन गोष्टी. शिवाय बाबिलोनच्या लोकांनी त्या महिन्यांत साध्या व्यवहाराच्या मातीच्या पाट्यांवर बर्दियालाच राजा धरून तारखा टाकल्यात, त्यांना काही खटकलेलं दिसत नाही.

मी संस्कृत शिकलोय म्हणून हा लेख वाचताना अंगावर काटा येतो. बर्दियाबद्दल 'हमाता हमपिता' लिहिलंय, म्हणजे एकाच आईबापाचा, आपलं 'सम' तिथे 'हम' झालंय. आणि खोटेपणासाठी शब्द आहे 'द्रौग', आपल्या द्रोहाचा सख्खा भाऊ. हा द्रौग लेखात पुन्हा पुन्हा येतो, जो जो विरोधात गेला तो खोटारडा. इतक्यांदा दुसऱ्याला खोटं ठरवावं लागतं ना, तिथेच मला पाणी मुरताना दिसतं.

कड्यावरचं शिल्प फोटोत नीट बघा. दारयवहूच्या डाव्या हातात धनुष्य, पाय उताण्या पडलेल्या गौमाताच्या छातीवर, त्याने दोन्ही हात वर केलेत, आणि पुढे गळ्यात दोर बांधलेले नऊ बंडखोर, शेवटच्याची टोपी उंच टोकदार. त्यातला एक वह्यज्दात. तोही म्हणायचा मी बर्दिया, आणि हे खुद्द पर्शियात, म्हणजे घरच्याच लोकांना दारयवहू नको होता. गादीवर बसल्यावर वर्षभरात 19 लढाया कराव्या लागल्या हे तो स्वतःच सांगतो.

गादीवर त्याचा हक्क तरी किती? तो राजा झाला तेव्हा त्याचा बाप विश्तास्प आणि आजोबा अर्शाम दोघंही जिवंत होते, हे दारयवहूचा मुलगा क्षयार्ष (झर्क्सीस) याच्या शिलालेखात लिहिलंय. वारशाने मिळाली असती तर आधी त्यांचा नंबर लागला असता ना.

पुढच्या वारसाचं पण तसंच. थोरला मुलगा अर्तोबर्झनेस पहिल्या बायकोचा, बाप राजा व्हायच्या आधी जन्मलेला. त्याला बाजूला ठेवून इ.स.पू. 486 मध्ये गादी क्षयार्षला गेली, कारण त्याची आई अतोस्सा कुरुषची मुलगी. कुरुषचं रक्त दारयवहूला घरात हवंच होतं, म्हणून त्याने कुरुषच्या दोन मुलींशी लग्न केलं, आणि हेरोडोटस सांगतो की बर्दियाची मुलगी पार्मिस, तिच्याशीही केलं.