उसनं मागायला जा

‘मावशी, यजमानांची बँकेत बदली झाली म्हणून मे अखेरीस आम्ही अमरावती सोडून रत्नागिरीला आलो. कुवारबावला भाड्याचं घर घेतलंय. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. मुलगी दीड वर्षाची. दीड महिना झाला, धड ऊन पाहिलं नाही. कपडे वाळत नाहीत, कपाटाला बुरशी धरलीय. शेजारच्या काकू रोज गडग्यापलीकडून, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापलीकडून, “बरं आहे ना?” विचारतात आणि आत निघून जातात, उंबरठा मात्र कुणी ओलांडत नाही. आमच्याकडे दारं दिवसभर उघडी असायची. मुलगा वर्गात आमच्या वऱ्हाडीत “काऊन?” (का?) म्हणाला, मुलं हसली, तेव्हापासून तो शाळेत तोंडच उघडत नाही. हे म्हणतात, होईल सवय. मी रात्री रडते. मुलांना घेऊन दिवाळीपर्यंत माहेरी जाऊ का?’

बाळ, तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते: आत्ता जाऊ नकोस. दिवाळीच्या सुट्टीत जा, भरपूर राहा, आईच्या हातचं खा. पण आत्ता गेलीस तर लेकाची शाळा दुसऱ्यांदा सुटेल आणि परत आल्यावर त्याला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल. तुलाही.

तू रडतेस यात तुझं काही चुकत नाहीये. अमरावतीला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा इथे एकट्या जुलैत पडतो. रत्नागिरीचा वर्षाचा आकडा 3000 मिलिमीटरच्या वर जातो आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. तू नेमकी त्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिलीस. हाताशी आई नाही, सासू नाही, कडेवर दीड वर्षाचं मूल. कुणीही खचेल.

मी स्वतः जालन्याची. यजमानांची चिपळूणला बदली झाली तेव्हा थोरला अकरा महिन्यांचा होता. तिसऱ्या आठवड्यात घरात एकही कोरडं दुपटं उरलं नाही. मी इस्त्री फिरवून फिरवून थकले, शेवटी भर पावसात शेजारच्या आजींच्या पडवीशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, ‘आजी, तुम्ही पोरांची दुपटी कशी वाळवता?’ त्या म्हणाल्या, ‘ये गो आत, भिजतेस कशाला?’ पडवीत त्यांनी शेगडीत निखारे घातले, त्यावर बांबूचं मोठं डालगं पालथं घातलं आणि माझी दुपटी एकेक करून त्यावर पसरली. निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकला. अर्ध्या तासात दुपटी कोरडी, कढत, ओव्याच्या वासाची. मी ती छातीशी धरून तिथेच रडले. आजी काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला आत गेल्या. (तू बंद खोलीत निखारे ठेवू नकोस, जीव गुदमरतो. एका खोलीत दोऱ्या बांध, पंखा सोड, ती खोली कपड्यांची. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ.)

पण मी शेजारीण झाले ती त्या दिवशी नाही. चार दिवसांनी आजींची नात वाटी घेऊन दारात आली, ‘आजीने जिरं मागितलंय.’ त्यांच्या घरात जिरं नव्हतं असं मला आजही वाटत नाही.

म्हणून सांगते, त्या काकूंकडे काही द्यायला जाऊ नकोस, मागायला जा. डबा भरून नेलास तर तुला पाहुणी म्हणून बसवतील, कौतुक करतील आणि वाटीत काहीतरी घालून परत पाठवतील. मागायला गेलेल्या बाईला मात्र थेट स्वयंपाकघरात नेतात. कोकणात घरं एकमेकांना चिकटून नसतात, प्रत्येकाचं आवार वेगळं, मध्ये जांभ्याचा गडगा. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही, ही इथली रीत. तुझ्या काकू गडग्यापाशी थांबतात ते तुझा मान राखून. त्यातून हे भातलावणीचे दिवस. शहरात राहणारी माणसंसुद्धा या दिवसांत गावच्या शेतावर धावतात, गप्पांना सवड कुणाकडे असते? चार कढीपत्त्याची पानं मागायला जा आणि एकच विचार: ‘काकू, आगोटीला तुम्ही काय काय भरून ठेवता?’ आगोटी म्हणजे पावसाळ्याची सुरुवात. मिरगाच्या आधी डाळी, मसाले, कोकमाची सोलं, पापड, सुकी मासळी, सरपण सगळं उन्हं दाखवून डब्यात बंद करायचं, ही इथल्या बाईची वर्षाची सगळ्यात मोठी परीक्षा. ती तुझी या वर्षी हुकली, तुझा दोष नाही. पण तू विचारलंस की त्या तासभर बोलतील आणि पुढच्या मे महिन्यात तुझी सोलं त्यांच्या सोलांशेजारी वाळतील.

आता लेकाचं. याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तो घरी काही बोलत नसणार. घाईघाईने त्याची भाषा ‘शुद्ध’ करू नकोस. घरात ‘काऊन’ चालू दे, आजीशी फोनवर ‘मले’, ‘तुले’ चालू दे. त्याचं ते बोलणं वाईट आहे असं त्याला घरातूनही कळलं तर तो दोन्हीकडे गप्प होईल. शाळेत बाईंना एकटी भेट आणि विनंती कर: एखाद्या दिवशी प्रत्येक मुलाने आपल्या घरचा एक शब्द आणायचा. रत्नागिरीच्या वर्गात संगमेश्वरी बोलणारं मूल असेल, मालवणी असेल, मिरकरवाडा बंदराकडचं दालदी बोलणारंही असेल. त्या दिवशी ‘काऊन’ फळ्यावर लिहिला जाईल आणि तुझा मुलगा त्याचा अर्थ सांगेल. आणि एका रविवारी पाऊस थांबला की त्याला थिबा पॅलेसला ने. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, बरोबर राणी आणि लहान मुली. 1910 मध्ये हा वाडा झाला, 1916 मध्ये राजा इथेच गेला. तो कैदी होता, तुमची गोष्ट तशी नाही. पण त्याची नात टूटू इथेच वाढली, मराठी बोलली, म्हातारी होईपर्यंत रत्नागिरीचीच राहिली. ही गोष्ट लहान मुलांना फार आवडते, मी सांगून पाहिली आहे.

धाकटीचं लसीकरणाचं कार्ड काढून बघ. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर असतो, सरकारी केंद्रात तो कुठल्याही गावच्या मुलाला मोफत मिळतो. जवळच्या अंगणवाडीत जाऊन लसीकरणाचा वार विचार. त्या दिवशी तिथे बाकावर तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारख्याच न झोपलेल्या आया बसलेल्या असतात. तुला मैत्रीण तिथे मिळेल, असं मला मनापासून वाटतं.

यजमानांशीही बोल. त्यांना बँकेत पहिल्याच दिवशी दहा माणसं मिळाली, तुला एकही नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं नसावं. ‘मला कंटाळा आलाय’ असं म्हणू नकोस, नेमकं माग: आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी तास-दीड तास मुलं त्यांच्याकडे, तू बाहेर. कुठे जायचं सुचलं नाही तर जिल्हा नगर वाचनालयात जा. 1828 सालचं आहे ते. सभासद हो, एक पुस्तक घे, शांत बसून चाळ.

एक गोष्ट मात्र हलक्याने घेऊ नकोस. रडणं रोजचंच झालं, मूल झोपलेलं असूनही तुला झोप येईना, जेवण नकोसं झालं किंवा जिवाचं बरंवाईट मनात आलं, तर त्याच दिवशी यजमानांना सांग आणि डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, कुठल्याही वेळी लागतो, मराठीतून बोलता येतं.

आणि गणपतीपर्यंत थांबच. नारळी पौर्णिमा झाली की पाऊस जरा दम घेतो, मुंबईचे चाकरमानी गावी येतात, घराघरांत आरत्यांना माणसं जातात-येतात. तेव्हा दारं सताड उघडी असतात. शेजारी मूर्ती आली की मुलांना घेऊन आरतीला जा, लेकाच्या हातात झांजा दे, तिथे कुणी त्याचं बोलणं ऐकणार नाही, ताल ऐकतील.

कढीपत्ता उद्याच मागून आण. काकू काय म्हणाल्या ते मला दोन ओळींत कळव, मी वाट बघते.

तुझी,
मावशी