टाळेबंदीत एका खोलीत राहताना मनाची घालमेल कशी आवरली?

लहानशा घरात कोंडून राहताना आम्ही मन कसे सांभाळले, असे आपण विचारले आहे आणि बंद खोलीत आपला जीव अजूनही घाबरा होतो, हेही लिहिले आहे.

परळच्या चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही पाच जण राहत होतो. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, मे महिन्यात आमच्या मजल्यावर करोनाचा रुग्ण सापडला आणि इमारत सील झाली. शौचालय सामाईक असल्यामुळे तिथली प्रत्येक खेप धास्तीची असे. त्या दिवसांत अनेकांना एकटेपणाने ग्रासले होते, हे खरे. परंतु चाळीतले दुःख वेगळे होते, कारण आम्हाला रडायलासुद्धा कोपरा नव्हता. म्हणून घरात एक ठरवून घेतले: दुपारी चार ते पाच जो गॅलरीच्या टोकाला बसेल, त्याला कोणी हाक मारायची नाही, अगदी चहासाठीही नाही. सासूबाईंना हे आधी विचित्र वाटले, पण पुढे सर्वांत आधी त्याच उठून तिथे जाऊ लागल्या.

माझा खरा त्रास मात्र ऑक्सिमीटरचा, म्हणजे बोटावरून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या यंत्राचा होता. रात्री छाती दडपली, की मी बोट त्यात घालत असे. आकडा ९८ दिसला की दहा मिनिटे बरे वाटे आणि पुन्हा तीच शंका येई. महापालिकेच्या मोफत हेल्पलाइनवरच्या समुपदेशक बाईंनी समजावले, की भीतीने श्वास जलद आणि उथळ होतो, त्यामुळे छाती आवळल्यासारखी वाटते व हातांना मुंग्या येतात. ही लाट बहुधा काही मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरते, परंतु आपण दर वेळी आकडा पाहून दिलासा मिळवला, तर ती आपोआप ओसरते हे मनाला कधी कळतच नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी मोजणी सकाळ-रात्र अशी दोनदाच ठेवली. आकडा ९४च्या खाली गेला किंवा खरोखर धाप लागली, तर थांबायचे नाही, डॉक्टरांना कळवायचे, हेही ठरले. पहिले चार दिवस फार जड गेले. नंतर झोप परतू लागली.

आपला जीव आजही घाबरा होत असेल, तर एकदा डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या आणि त्यानंतर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा मोफत असून तिथे मराठीत बोलता येते. घरात निवांत जागा नसेल, तर मी करत असे तसे गच्चीच्या जिन्यात बसून फोन करा.