एसएसएच जुळत नसेल तर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात एक लिनक्स सर्व्हर आहे. दुपारी वीज जाऊन परत आल्यापासून घरून एसएसएच (दुरून सुरक्षितपणे लॉगइन करण्याची सोय) केल्यास ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आणि कारखान्यातून केल्यास ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश येतो. सर्व्हर तर चालू दिसतो. बिघाड कुठे असावा?

उत्तर : बहुधा बिघाड एक नसून दोन आहेत. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे विनंती पोहोचली आणि समोरून स्पष्ट नकार आला. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे काहीच उत्तर आले नाही, मग ती वाटेत फायरवॉलने गिळली असो वा भलत्याच पत्त्यावर गेली असो. विजेबरोबर तुमचा राउटरही बंद पडला असणार, आणि स्थिर आयपी (न बदलणारा नेटवर्क पत्ता) घेतलेला नसेल तर पुन्हा सुरू होताना त्याला निराळा सार्वजनिक पत्ता मिळाला असेल. घरून तुम्ही जुन्याच पत्त्यावर विनंती पाठवत असाल.

कारखान्यातील नकारासाठी सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडून आधी त्याचा सध्याचा आयपी पाहा. राउटरने तो पत्ता दरम्यान एखाद्या प्रिंटरला देऊन टाकला असेल, तर नकार देणारा सर्व्हर नसून प्रिंटर असतो, आणि माणूस मात्र सर्व्हरची कॉन्फिगरेशन चाळत बसतो. पत्ता तोच असेल तर एसएसएचची सेवा सुरू आहे का ते ‘सिस्टिमसीटीएल’ या आज्ञेने तपासा. उबुंटू आणि डेबियनमध्ये तिचे नाव एसएसएच, तर रेड हॅट परिवारात एसएसएचडी आहे. हाताने सुरू केलेली, पण ‘इनेबल’ न केलेली सेवा रीबूटनंतर आपोआप सुरू होत नाही. सेवा सुरूच होत नसेल, तर एसएसएचडीची चाचणी आज्ञा कॉन्फिगरेशनमधील चुकीची ओळ दाखवते. पुढच्या खंडिततेआधी राउटरमध्ये सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

प्रश्न : धरमपेठेतील आमच्या कार्यालयात सर्व्हरवर पब्लिक की (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या की-जोडीतील सर्व्हरवर ठेवायचा भाग) ठेवली आहे, तरी ‘परमिशन डिनाइड’ येते. परवानग्यांची अडचण नको म्हणून होम डिरेक्टरी ७७७ (सर्वांना सर्व परवानग्या) करून पाहिली, तरी उपयोग झाला नाही.

उत्तर : ७७७ मुळेच आता लॉगइन अडले असेल. होम डिरेक्टरीत इतरांना लिहिता येत असेल, तर कोणीही आपली की तिथे घुसवू शकेल, म्हणून ओपनएसएसएच मूळ सेटिंगनुसार अशा खात्यातील की मानतच नाही. होम डिरेक्टरी ७५५ किंवा त्याहून कडक, एसएसएचचे फोल्डर ७०० आणि ऑथराइज्ड कीजची (मान्य कींची) फाइल ६०० ठेवा. तिन्हींची मालकी त्याच वापरकर्त्याकडे असावी. मूळ अडचण तरीही राहिली, तर नकाराचे खरे कारण सर्व्हरच्या नोंदीत शोधा, कारण समोरच्याला ते मुद्दामच सांगितले जात नाही. उबुंटूत ऑथ लॉग आणि रेड हॅटमध्ये सिक्युअर लॉग पाहावा. तुमचा क्लायंट (तुमच्या संगणकावरील एसएसएच प्रोग्राम) फार जुना असेल, तर आणखी एक शक्यता उरते : २०२१ मधील ओपनएसएसएच ८.८ पासून शा-१ या जुन्या हॅश पद्धतीवर आधारलेल्या आरएसए (कीचा एक प्रकार) स्वाक्षऱ्या आपोआप स्वीकारल्या जात नाहीत. आरएसए की बाद झालेली नाही. क्लायंट अद्ययावत केला की तीच की चालते.

प्रश्न : ‘होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असा इशारा आला. कोणी हल्ला केला आहे का?

उत्तर : सर्व्हरची ओळख तुमच्या संगणकातील नोंदीशी जुळत नाही, असा याचा अर्थ. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केला असेल, तर हा इशारा अपेक्षित आहे. तसे नसेल तर पासवर्ड टाकू नका. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून फिंगरप्रिंट (सर्व्हरच्या कीची छोटी ओळखखूण) फोनवर पडताळून घ्या आणि मगच जुनी नोंद काढा.

प्रश्न : सुरक्षेसाठी पोर्ट २२ (एसएसएचचा नेहमीचा पोर्ट क्रमांक) बदलायचे आहे. उबुंटूमध्ये कॉन्फिगरेशन बदलूनही जुनेच पोर्ट का राहते?

उत्तर : उबुंटू २२.१० पासून पोर्टवर ऐकण्याचे काम सिस्टिमडीचे (लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचे) सॉकेट युनिट करते, त्यामुळे फक्त सेवा रीस्टार्ट करून भागत नाही. २४.०४ वर ‘डेमन-रीलोड’ करून एसएसएचचे सॉकेट रीस्टार्ट करावे लागते. तत्पूर्वी फायरवॉलमध्ये नवे पोर्ट उघडा, आणि दुसऱ्या खिडकीतून नव्या पोर्टवर लॉगइन होईपर्यंत चालू सत्र बंद करू नका. पोर्ट बदलल्याने नोंदींतील गोंगाट कमी होतो, एवढाच त्याचा फायदा. सुरक्षा हवी असेल तर पासवर्डने लॉगइन बंद करून की वापरणे अधिक उपयोगाचे आहे.